खांड पडल्यापासून पहिल्या भातापर्यंत

अलिबाग तालुक्यातील धरमतर खाडीलगतच्या ज्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात, तेथील बहुतेक भातशेती ही मुळात खाडीकडून मिळवलेली जमीन आहे. भरतीचे पाणी जिथे रोज येत-जात होते, तिथे चिखलमातीचे बांध घालून आणि आत साठलेल्या पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढून ही खाचरे तयार झाली. अशा एका बांधाने वेढलेल्या सलग क्षेत्राला आमच्याकडे ‘खार’ म्हणतात आणि प्रत्येक खाराला स्वतःचे नाव असते. आमच्या कुटुंबाची सव्वा एकर जमीन अशाच एका खारात आहे. त्या खाराच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडले, दोन हंगाम जमीन खाऱ्या पाण्याखाली राहिली आणि नंतर ती पुन्हा लागवडीखाली आली. या सगळ्या काळात बांध समितीचे कागदपत्र सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे चिखल आणि फायली या दोन्ही बाजू मला जवळून पाहायला मिळाल्या.

खारजमिनीची रचना बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. उधाणाच्या भरतीला आमच्या बांधावर उभे राहिले, तर एका बाजूला खाडीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून बरेच खाली असलेले शेत दिसते. हा फरक दर पिढीला वाढत जातो. बांधाबाहेरच्या खाजणात, म्हणजे भरतीखाली येणाऱ्या चिखलपट्टीत, प्रत्येक भरती थोडा गाळ टाकून जाते आणि ते हळूहळू उंच होते; बांधाच्या आत मात्र नवा गाळ येत नाही, उलट वाळणारी चिकणमाती दबत जाते. म्हणजे जमीन जितकी जुनी, तितकी ती खाडीच्या तुलनेत सखल. पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी बांधात जागोजागी उघाड्या असतात. उघाडीचे झडपेसारखे दार खाडीच्या बाजूने टांगलेले असते. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. यंत्र नाही, वीज नाही, फक्त पातळीतल्या फरकावर चालणारी ही व्यवस्था आहे. परंतु बाहेर गाळ चढला की उघाडीचे तोंड बुजते, ओहोटीतही आतले पाणी निघेनासे होते आणि खाचरांत ते तुंबून राहते. आमच्या खाराच्या दोन उघाड्यांपैकी एक अशीच निम्मी निकामी झालेली होती.

खांड पडली ती आषाढातील अमावास्येच्या उधाणात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकलेली होती. दोन दिवस मुसळधार पाऊस झाल्यामुळे आत पाणी तुंबले होते, आणि बाहेरून साडेचार मीटरच्या पुढची भरती येत होती. बांध दोन्ही बाजूंनी भिजून मऊ झाला होता. चिंबोऱ्यांनी पोखरलेल्या एका जागेतून आधी पाणी पाझरू लागले, मग त्या जागेची माती खचली आणि दुपारच्या भरतीत तेथे बैलगाडी जाईल एवढे भगदाड पडले. त्याच ओहोटीला आत शिरलेले पाणी जोराने परत बाहेर पडले आणि जाताना त्याने भगदाडाचा तळ खरवडून नेला. खांडीचे खरे नुकसान हे असे येणाऱ्या पाण्याइतकेच जाणाऱ्या पाण्यानेही होते. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे चार वेळा तिथून प्रवाह वाहतो, आणि पंधरवड्यात खांड एवढी खोल होते की केवळ उधाणाचेच नव्हे, तर रोजच्या भरतीचे पाणीही आत येऊ लागते. खाडीतून ये-जा करणाऱ्या मोठ्या बार्जेसच्या लाटांनी बांधाची बाहेरची बाजू आधीच झिजलेली होती, असे आमच्या खारातील बहुतेकांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

पंचनामा झाला, पण त्याचा उपयोग मर्यादित होता. नैसर्गिक आपत्तीची मदत उभ्या पिकाच्या ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसानीवर मिळते. त्या वर्षीचे पीक पूर्ण गेले होते, त्यामुळे तेवढी मदत मिळाली. पुढच्या वर्षी मात्र शेतात पीकच नव्हते, कारण लावणीच होऊ शकली नव्हती, आणि जे लावले नाही त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे याचे उत्तर पंचनामा करणाऱ्यांकडेही नव्हते. त्यांचा स्वर सहानुभूतीचा होता. अडचण नमुन्याची होती. जमिनीत शिरलेले मीठ हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही आणि ते एका हंगामात संपतही नाही.

यानंतर जो प्रश्न उभा राहिला, त्यात आमचा सर्वाधिक वेळ गेला: हा बांध कोणाचा? खारजमिनींच्या इतिहासाशी हा प्रश्न जोडलेला आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशा जमिनींना शिलोत्री म्हणत, आणि बांधाच्या देखभालीसाठी कुळाला पिकातून वेगळा हिस्सा द्यावा लागे. पुढे खोतांकडे जमिनी आणि कुळांकडे कष्ट अशी वाटणी घट्ट झाली. त्या अन्यायाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथे १९३३ साली सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. आमच्या भागातील वडीलधाऱ्या माणसांना त्यातील प्रसंग घरात ऐकून ठाऊक असत. कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली, ते योग्यच झाले. मात्र जमिनीबरोबर बांधाची जबाबदारी कोणाकडे गेली, हे अनेक ठिकाणी स्पष्ट झाले नाही. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने शासनाने कित्येक बांध आपल्या योजनांमध्ये घेतले. जे घेतले गेले नाहीत, ते खासगी योजना म्हणून राहिले. आमचा बांध या दुसऱ्या प्रकारातला निघाला. त्यामुळे शासकीय निधीतून दुरुस्ती व्हायची, तर आधी योजनेचा समावेश शासकीय यादीत व्हायला हवा, त्यासाठी लाभक्षेत्राचा नकाशा, खातेदारांची संमती आणि खर्च-लाभाचे गणित हवे, असा तो क्रम होता.

खर्च-लाभाच्या गणिताबद्दल थोडे लिहिले पाहिजे. आमच्यासारख्या खारात एकच पीक निघते, तेही भात. त्याच्या किमतीच्या तुलनेत बांधाच्या प्रत्येक मीटरचा खर्च मांडला, तर योजना कागदावर परवडत नाही. परंतु तो बांध फक्त भात राखत नाही. त्याच्या मागे गुरांची चरण्याची जागा आहे, गोड्या पाण्याची तळी आहेत आणि गावाची शेवटची घरे आहेत. खांड पडल्यानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला खारे पाणी त्या घरांच्या अंगणात आले होते. गणितात या गोष्टी कुठेच नव्हत्या.

संमतीचे काम त्याहून अवघड ठरले. सातबाऱ्यावरील नावे वाचली, तर पाऊणशेच्या आसपास खातेदार. त्यांतील अनेक दिवंगत, वारसनोंदी न झालेल्या, काही मुंबईला, काही पनवेलला. शिवाय गेल्या काही वर्षांत खारातील काही तुकडे बाहेरच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून विकत घेतले आहेत. मांडव्याला २०२० मध्ये रो-रो सेवा सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबागच्या जमिनीकडे पाहण्याची नजर बदलली. ज्याला जमीन पुढे विकायची आहे, त्याला तिच्यात भात पिकते की तिवर (खाडीकाठच्या कांदळवनाचे झाड) उगवते याने फारसा फरक पडत नाही, असे एका खरेदीदाराने मला दूरध्वनीवर जवळजवळ याच शब्दांत सांगितले. त्याचे गणित त्याच्या परीने बरोबर असेलही, पण पूर्वी प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर येत असे, ती पद्धत अशाने मोडते. बांधाची दुरुस्ती ही वाटून करता येते, वाटून टाळता येत नाही. एका खातेदाराच्या हद्दीतील कमकुवत तुकडा सगळ्यांचे शेत बुडवतो.

कागदपत्रांची जुळवाजुळव चालू असताना खारात दुसरीच घडामोड सुरू झाली होती. तिवराची फळे पावसाळ्यात गळतात आणि भरतीच्या पाण्याबरोबर वाहत जातात. आमच्या खाचरांत रोजची भरती येऊ लागल्यावर ती फळे आत येऊन चिखलात रुजली. पहिल्या वर्षी ती वीतभर होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खांडीजवळच्या सखल भागात त्यांची गर्द हिरवी झुडपे उभी राहिली. कांदळवनांना महाराष्ट्रात कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने ते खासगी जमिनीवरील कांदळवनांनाही लागू आहे. त्या संरक्षणाला माझा विरोध नाही. किंबहुना बांधाच्या बाहेर जिथे तिवरांची दाट रांग होती, तिथे बांध शाबूत राहिला आणि जिथे ती नव्हती तिथेच तो फुटला, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. पण ज्याच्या भातखाचरात केवळ बांध वेळेवर दुरुस्त न झाल्यामुळे तिवर उगवले, त्याच्या सातबाऱ्यावरील शेती प्रत्यक्षात शेती राहत नाही आणि त्याबद्दल त्याला कोणी काही देत नाही. बांधदुरुस्तीला लागणारा प्रत्येक महिना या अर्थाने महाग असतो.

शासकीय यादीत समावेश होण्याची वाट पाहत आणखी एक पावसाळा घालवला, तर निम्मा खार कांदळवन होईल, हे दिसू लागल्यावर समितीने वर्गणीतून खांड बुजवण्याचा निर्णय घेतला. प्रस्ताव मागे घेतला नाही. तो आजही चालू आहे. परवानगीच्या दृष्टीने पाहणी झाली, जिथे तिवर उगवले होते तो भाग टाळून नवीन बांधाची रेषा ठरली. यात एक अडचण होती. मूळ खांडीच्या जागी पाण्याने इतका खोल डोह केला होता की तिथे माती टाकणे म्हणजे ती वाहून घालवणे होते, म्हणून नवा बांध डोहाला वळसा घालून, घोड्याच्या नालेच्या आकारात, आतल्या बाजूने घालणे भाग होते. पण त्यामुळे काही खातेदारांची जमीन नव्या बांधाच्या बाहेर, म्हणजे कायमची खाडीत जाणार होती. त्यांतील एक माझे चुलत काका. “बांद घाला, माजा तुकडा ग्येला तरी चालंल, पन मना वर्गनी मागू नका,” असे ते सभेत म्हणाले. सभेने ते मान्य केले, आणि काकांसह बाहेर गेलेल्या सर्व खातेदारांना आतल्या एका तळ्यातील मासळीचे उत्पन्न काही वर्षांसाठी द्यायचे ठरवले. त्या तळ्यात जिताडा सोडला जातो आणि खारेपाटातल्या जिताड्याला चांगला भाव मिळतो. जमिनीच्या बदल्यात हे पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कोणत्याही कायद्यात नसलेली ही भरपाई गावाने स्वतः शोधली, याची नोंद मला करावीशी वाटते.

प्रत्यक्ष काम फाल्गुनात केले. मोठ्या खांडी नेहमी भांगात बुजवतात, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो. आधीच्या पंधरवड्यात दोन्ही टोकांकडून पोकलेनने मातीचे हात पुढे आणत मध्ये अरुंद तोंड ठेवले होते. हे तोंड शेवटपर्यंत उघडे ठेवावे लागते, नाहीतर आत अडकलेले पाणी बांधाला मागून ढकलते. तोंडाच्या दोन्ही कडांना बांबूचे खुंट ठोकून त्यांच्यामध्ये पेंढ्याचे भारे आणि मातीने भरलेली पोती रचली. मग अष्टमीच्या ओहोटीला पाणी उतरताच तोंड बंद करायला सुरुवात झाली, कारण पुढची भरती चढेपर्यंतचे पाच-सहा तास एवढीच मुदत हातात असते. पोकलेन माती टाकत होते, पण चिखलाचे गोळे पोत्यांच्या फटींत पायाने दाबून बसवण्याचे काम माणसांनाच करावे लागले; यंत्राने टाकलेली माती सैल पडते आणि फटी तशाच राहतात. भरती आली तेव्हा नवा बांध पाण्याच्या जेमतेम हातभर वर होता. तो टिकला. पौर्णिमेच्या उधाणापर्यंत रोज त्यावर थर चढवत राहिलो.

मातीबद्दलही एक पेच होता. पूर्वी बांधासाठी माती बाहेरच्या खाजणातून काढत, आणि ते शहाणपणाचे होते, कारण तिथला खड्डा भरती पुन्हा भरून काढते. आता बाहेर कांदळवन असल्याने माती आतूनच घ्यावी लागली, आणि आधीच सखल असलेली खाचरे त्या पट्ट्यात आणखी खोल झाली. त्या खड्ड्यांचे आम्ही शेततळे केले. त्यात पावसाचे गोडे पाणी राहते. मात्र ते फार खोल केले तर खालचे खारे पाणी वर येते, म्हणून खोली बेताची ठेवली.

बांध उभा राहिला म्हणजे शेत परत आले असे नव्हे. वैशाखात खाचरे वाळली, तशी त्यांच्यावर पांढरी खपली धरली. चिकणमातीच्या बारीक छिद्रांतून खालचे खारे पाणी वर चढते, वर येऊन उडून जाते आणि मीठ मागे राहते. मातीचे नमुने तपासले, तेव्हा विद्युतवाहकता, म्हणजे मातीतील क्षारांचे माप, दहा डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे होती. चारच्या वर जमीन खारवट मानतात, आणि भाताचे उत्पन्न तर तीनच्या आसपासच कमी होऊ लागते. अशा जमिनीला जिप्सम टाकावे का, असे अनेकांनी विचारले. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या शिफारशींनुसार आणि आमच्या नमुन्यातील सामूवरून (पीएच) त्याची गरज नव्हती. जमीन खारवट होती, चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) नव्हती, आणि खारवट जमिनीला औषध म्हणजे गोडे पाणी व त्याचा निचरा. रायगडात वर्षाला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी फुकट आहे. निचरा मात्र फुकट नाही.

म्हणून मृगापूर्वी आम्ही निकामी झालेली उघाडी साफ केली, तिचे दार बदलले आणि बाहेरचा चर गाळ काढून मोकळा केला. प्रत्येक खाचराची मेर (कडेचा छोटा बांध) वीतभर उंचावली. पहिल्या मोठ्या पावसात पाणी खाचरांत कोंडले, चिखलणी केली, म्हणजे मीठ पाण्यात उतरले, आणि ओहोटीला ते गढूळ पाणी उघाडीतून सोडून दिले. हे पुन्हा पुन्हा करायचे असते. उघाडीवर कोणी ना कोणी राखण ठेवावी लागते, कारण दारात एखादी फांदी अडकली, तरी भरतीचे पाणी त्या फटीतून आत येते आणि केलेली धुलाई वाया जाते. आषाढाच्या मध्यापर्यंत वाहकता पाचच्या जवळ आली. दोन-चार सखल खाचरे तेव्हाही हट्टाने वरच राहिली होती. ती त्या वर्षी तशीच पडीक ठेवली.

बियाण्याच्या निवडीत मतभेद झाले. जुन्या माणसांचा कल राता या पारंपरिक भाताकडे होता. त्याचा दाणा तांबडा, रोप उंच, खारेपणा आणि साचलेले पाणी दोन्ही सोसणारे, पण उत्पन्न कमी आणि बाजारात गिऱ्हाईक मोजके. तरुणांना ‘पनवेल-३’ लावायचे होते. हे संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी काढलेले आणि अधिक उत्पन्न देणारे वाण आहे. शेवटी सखल भागात राता आणि वरच्या भागात पनवेल-३ असे केले. काहींनी रहू, म्हणजे मोड आणलेले बी चिखलावर फोकून पेरले. आम्ही लावणी केली, कारण भाताचे कोवळे रोप खारेपणाला सर्वांत आधी बळी पडते आणि गोड्या जागेत राब (रोपवाटिका) करून थोडे निबर झालेले रोप लावले तर ते तग धरते. एका चुडात रोपे नेहमीपेक्षा जास्त ठेवली. नंतरचा नाजूक काळ फुलोऱ्याचा. भाद्रपदाच्या शेवटी पावसाने ओढ दिली, तेव्हा खाचरांतले पाणी आटू न देणे एवढेच हाती होते, कारण पाणी आटले की मीठ वर येते. हस्ताचा पाऊस आला आणि लोंबी भरली.

कापणीला पनवेल-३ एकरी सहा-सात क्विंटलच निघाला, म्हणजे खांडीपूर्वीच्या निम्म्याच्या आसपास. रात्याने तुलनेने बरी साथ दिली, आणि त्यावर जुन्या माणसांनी आम्हाला पुरेसे ऐकवले. कापणी होताच, जमीन ओली असतानाच नांगरट करून ठेवली. नांगरलेल्या ढेकळांमुळे पाणी वर चढण्याची वाट तुटते आणि उन्हाळ्यातील खपली कमी धरते. रब्बीचे पीक आमच्या खारात घेता येत नाही, पण शेततळ्याच्या काठावर दोन-तीन घरांनी दुधी आणि टोमॅटो लावले. ते लहान प्रमाणात का होईना, पण जमले.

आता वर्गणी क्षेत्रानुसार दरवर्षी घ्यायची आणि दिवाळीनंतर बांधावरून फेरी मारून चिंबोऱ्यांची बिळे मातीने बुजवायची, असे समितीने ठरवले आहे. बाहेरगावच्या खातेदारांना त्यांच्या हिश्श्याची पत्रे पाठवली. काहींची रक्कम आली, काहींची पत्रे पत्ता अपुरा म्हणून परत आली, आणि त्यांच्या वाट्याची माती सध्या इतरांच्या पैशांनी पडते आहे. शासकीय यादीतील समावेशाच्या प्रस्तावाला लाभक्षेत्राचा सुधारित नकाशा जोडायचा आहे, कारण जुन्या नकाशात नालेच्या बाहेर गेलेली जमीन अजून आत दाखवलेली आहे.